एकशे नव्वद मैल

१२ एप्रिल, शनिवार

नवी मोटर बसली रेसच्या गाडीत.

वेंडेलने शेडमधून हाक मारली. भांडी तशीच टाकून गेले. म्हणाला, "तू चालू कर. तुझी आहे." बटण दाबलं. स्वयंपाकघराच्या काचा थरथरल्या, पलीकडे हार्टमनांची कुत्री भुंकायला लागली. वेंडेलच्या डोळ्यांत पाणी. इंधनातलं मेथेनॉल झोंबतं म्हणाला. झोंबतं खरं.

बंद केल्यावर माझ्याकडे बघत राहिला.

"काय वाटलं?"

"छान आहे."

"छान?"

"खूपच छान, वेंडेल."

मग तो बराच वेळ फडक्याला हात पुसत होता.

आख्खा हिवाळा घातलाय त्याने हिच्यावर. मी तिकडे हॉस्पिटलच्या खुर्चीत सलाईन लावून, तो इकडे शेडमध्ये हीटर लावून. मला सोडायचा, न्यायला यायचा, मधल्या वेळात मोटर. एरवी नवरे काय करतात कोण जाणे. ह्याला मोटर बांधता येते, त्याने मोटर बांधली.

१५ एप्रिल

रिपोर्ट स्वच्छ. गाठीचा मागमूस नाही. डॉक्टरीणबाईंनी मला मिठी मारली. वेंडेल 'ट्रक सावलीत लावून येतो' म्हणून बाहेर गेला — रडायला गेला. माझं लक्ष टेबलावरच्या निवडुंगाकडे. कुणी पाणी घातलेलं नव्हतं बरेच दिवस.

पायांचं विचारलं. दोन्ही पावलं घोट्यापर्यंत आपली नाहीत अशी. उजवं जास्त. औषधाने होतं, म्हणाल्या. परत येईल, किंवा नाही येणार, सांगता येत नाही. "गाडी चालवता का?" म्हटलं, थोडीफार.

वेंडेल आला तेव्हा आम्ही दुसरंच बोलत होतो. रेसच्या परवान्यासाठीची डॉक्टरी तपासणी आजारपणाच्या आधीची आहे, ती हे वर्ष संपेपर्यंत चालते. म्हणजे मला कुणी विचारणार नाही.

२२ एप्रिल

केल्सी, व्यायाम करून घेणारी मुलगी, असेल पंचविशीची. मला एका पायावर उभं करते आणि गप्पा मारते, म्हणजे तोल गेला तरी मला लाज वाटू नये. आज विचारलं, शनिवारचं काय करता? म्हटलं ड्रॅग रेस. तिला वाटलं बघायला जाते.

मग सांगितलं. पाव मैल सरळ रस्ता, दोन गाड्या शेजारी शेजारी. आमच्या गटात वेळ ठरलेली, आठ पूर्णांक नव्वद सेकंद. त्याहून कमी वेळात पोचलात तर बाद. बाद न होता जो आधी रेघ ओलांडेल तो जिंकला.

"म्हणजे फार जोरात गेलात तर हरता?"

"हो."

"मग मोठी मोटर कशाला?"

सगळे हेच विचारतात. मोठ्या मोटरीचा मध्येच गळा आवळून धरायचा. ते यंत्र करतं. दीड-दोन सेकंद धरायचा आणि मग मोकळा सोडायचा. आधी मागे पडता, शेवटी झेप घेता. पुढच्याला मान वळवून मागे बघावं लागतं. मागच्याला सगळं समोर दिसतं. वेळ आठ-नव्वदच, पण रेघेपाशी वेग जास्त. जो वेगाने मागून येतो तो शेवटचं ठरवतो. आपण फारच पुढे चाललोय असं दिसलं, तर पाय किंचित उचलायचा. एवढंच कौशल्य.

केल्सी म्हणाली, "भारी आहे हं." मग म्हणाली, "आता डोळे मिटा."

डोळे मिटले आणि पडले.

३ मे, शनिवार

केंटन क्रीकला वर्षातली पहिली रेस. ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना नांगरलेली रानं, मका अजून पेरायचाय. पहिल्याच फेरीत ताशी एकशे ऐंशी मैल! जुन्या मोटरवर एकशे सत्तर पडले तरी वेंडेल लोकांना कॉफी पाजायचा.

वेळेची चिठ्ठी घेऊन तो सगळ्या तंबूंतून फिरला. ओपल प्रूइटलाही दाखवली. ओपल त्र्याहत्तरची. तिची गाडी एकशे साठच्या पुढे जात नाही, तरी आम्हा सगळ्यांना हरवते, कारण हिरव्या दिव्यावर तिच्याइतकं चोख कुणी निघत नाही. तिने चष्मा कपाळावर चढवून चिठ्ठी वाचली.

"बरं आहे," म्हणाली. "बटाट्याचं सॅलड कुणाला हवंय?"

वेंडेल ऐकतोय कुठला. "अजून दहा आहेत हिच्यात. एकशे नव्वद, लॉर्ना. ह्या ट्रॅकवर आठ-नव्वदवाल्यांत कुणी बघितले नाहीत."

पूर्वी रेघ ओलांडली की मी हेल्मेटात ओरडायचे. कसला तरी रानटी आवाज. वेंडेलच्या कानात रेडिओ असतो, तो म्हणायचा कानाचा पडदा फाटला बाई. आज रेघ गेली, गाडी थांबवायची मागची छत्री उघडली, गाडी थांबली. रेडिओवर म्हणाला, "आहेस का?"

"आहे."

दुसऱ्या फेरीत हरले. काही नाही.

११ मे

चर्चमध्ये सगळ्या येऊन दंडाला हात लावतात. तू किती शूर. मी शूर नव्हते. मी खुर्चीत बसले होते.

२४ मे, शनिवार

एकशे पंच्याऐंशी. तीन फेऱ्या जिंकल्या.

तिसरीत क्ले हॅमंडला हरवलं. कोकोमो गावचा मेकॅनिक, चांगला मुलगा आहे. टोपी काढून भेटायला आला. "काकू, तुम्ही मागून येता ना, तेव्हा मला माझ्याच गाडीतून उडी मारावीशी वाटते." वेंडेल इतका हसला की खुर्ची मोडता मोडता राहिली.

मीही हसले. वेंडेलने हसणं थांबवून माझ्याकडे बघितलं.

१४ जून

पावसाने रेस रद्द. ट्रेलरमध्ये बसून पोर्कची सँडविचं खाल्ली. चव नाही.

२८ जून, शनिवार

उकाडा. सकाळी दहाला डांबर मऊ.

सरावाची फेरी झाली. रेसचे बूट-मोजे काढले, चपला ट्रेलरमध्ये राहिलेल्या. तशीच ओपलच्या तंबूपाशी गेले, उभी राहून बोलत होते. कुठल्या तरी टायरबद्दल. बोलता बोलता तिने खाली बघितलं.

"लॉर्ना, तुझ्या पायांत काही नाही."

"हो, चपला राहिल्या."

"ह्या डांबरावर आज अंडं तळता येईल."

तिने मला खुर्चीत बसवलं, उजवा तळवा उचलून बघितला. लालभडक, टाचेपाशी फोड. बर्फाच्या पेटीतलं पाणी ओतलं त्यावर. पाणी वाहताना दिसलं.

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"पेडल कळतं?"

"बघितलं की कळतं."

"गाडीतल्या त्या लोखंडी पिंजऱ्यात पट्टे आवळून बसलीस की पाय दिसतो तुला?"

पेडल दाबायला काही लागत नाही. सगळं वजन टाकायचं आणि टाकून ठेवायचं. उचलायचं तेवढंच काय ते अवघड.

"वेंडेलला माहितीये?"

"नाही."

ओपलने पाय खाली ठेवला. स्वतःच्या चपला काढून माझ्या पायांत घातल्या. "पुढच्या रेसच्या आत त्याला सांग. नाहीतर मर्लला मी सांगेन." मर्ल ट्रॅकची सुरक्षा बघतो. "पन्नास वर्षांत मी कुणाची चहाडी केलेली नाही. मला सुरुवात करायला लावू नकोस."

दुपारी पोटात मळमळतंय सांगून रेस सोडून दिली. मळमळत नव्हतं.

२९ जून

जेवताना सांगणार होते. वेंडेल मोटरीला हवा किती द्यायची ते समजावत होता. मिठाची बाटली म्हणजे कार्ब्युरेटर, काटा म्हणजे हवा. आजारपणात हा माणूस जेवताना बोलायचा बंद झाला होता. बशीत बघून खायचा. आज दोन चॉप खाल्ले आणि बोलत राहिला.

"पाच मैल राहिलेत फक्त," म्हणाला.

सांगितलं नाही.

४ जुलै

नदीकाठी आतषबाजी. रंग चांगले होते.

१२ जुलै, शनिवार

धडधाकट आहे. गळ्याचं हाड दुखतंय पट्ट्याने. उद्या लिहीन.

१३ जुलै

सगळं लिहायचं.

सकाळी ओपल आली. "सांगितलंस?"

"सांगितलं."

वेंडेल गाडीखाली उताणा पडून शीळ घालत होता. ओपलने त्याच्या बुटांकडे बघितलं. "आणि तरी शीळ घालतोय?"

"त्याचा स्वभावच तसा आहे."

ती आल्या पावली परत गेली.

पहिली फेरी जिंकले. दुसरीला क्ले. संध्याकाळ व्हायला आली होती, ढग आले आणि हवा एकदम गार झाली. गार हवेत मोटर जास्त ओढते. वेंडेलने हिशेब बदलला, पण पुरेसा नाही.

दिवा हिरवा. क्ले पुढे गेला. यंत्राने मोटरीचा गळा धरला, मग सोडला, आणि गाडी निघाली ती अशी की मी क्लेला रेघेच्या फार आधीच गाठलं. कळलं मला, फार जोरात चाललोय, बाद होणार. पाय उचलायचा. सांगितलं पायाला. उचलला, असं वाटलं.

मोटर ओरडतच होती.

पेडल अडकलं असं वाटलं. रेघ गेली. छत्रीची दांडी ओढली, मागून हिसका बसला, पण मोटर छत्रीशी भांडतेय, गाडी थांबायचं नाव घेत नाही. तेव्हा लक्षात आलं. पेडल ठीक आहे. पाय तिथेच आहे. मी त्याला सांगतेय आणि तो ऐकत नाहीये. ऐकतोय की नाही हेही मला कळत नाहीये. मग बटण खाली करून मोटर बंद केली. एकदम शांत. आणि मग ट्रॅकच्या शेवटची वाळू आली, नाक तिच्यात घुसलं, थांबलो.

घाबरले नाही. हे लिहून ठेवायला हवं. त्या सगळ्या वेळात एकदाही घाबरले नाही. वाळू ओली आहे, एवढंच मनात आलं.

वेंडेल पळत आला. पत्रं आणायला फाटकापर्यंत जायचं तर ट्रक काढणारा माणूस. मदतवाल्यांची गाडी त्याच्या शेजारून गेली, त्यांनी चढ म्हटलं, ह्याला ऐकूच गेलं नाही. पोहोचला तेव्हा धापा टाकत होता. मला बाहेर काढलं होतं तोवर, वाळूत बसले होते.

"पेडल," म्हणाला. "पेडल अडकलं? मी बसवलं ते. मी —"

"पेडल नाही. माझा पाय. मला पाय कळत नाही, वेंडेल. हिवाळ्यापासून."

आधी समजलंच नाही त्याला. मग समजलं. गुडघ्यांवर बसला. माझा बूट काढला, मोजा काढला आणि एकेक बोट दाबायला लागला.

"हे?"

"नाही."

"हे?"

"नाही."

पाचही दाबली. मग दुसरा बूट काढायला लागला. मर्ल म्हणाला, पुरे आता, आधी डॉक्टरला बघू दे.

चिठ्ठी मर्लच्याच हातात होती. कुणाला द्यावी त्याला कळेना. शेवटी वेंडेलला दिली. वेळ आठ-शहाऐंशी — बाद. वेग एकशे एक्क्याण्णव.

वेंडेलने न बघता खिशात घातली.

१५ जुलै

मर्लचा फोन. डॉक्टर लिहून देत नाहीत तोवर माझा परवाना बंद. वाईट वाटतंय म्हणाला. म्हटलं, बरोबर केलंत.

वेंडेल शेडमध्ये जात नाही. गाडी ट्रेलरमध्येच आहे, नाकात वाळू भरलेली.

१८ जुलै

तो बोलत नाही. रागावलाय असं नाही. सकाळी माझे बूट आधी स्वतः हात घालून बघतो, आत खडाबिडा आहे का. मग माझ्यासमोर ठेवतो.

२० जुलै, रविवार

ओपल आली. पाटीभर मका घेऊन. पायरीवर बसली, सोलायला लागली, मीही बसले.

"माझ्याशी खोटं बोललीस."

"हो."

"मी ह्या ट्रॅकवरून तीन जणांच्या मयतीला गेलेय. काळा ड्रेस आहे तो आता बसत नाही मला. नवा घ्यायला लावू नकोस."

"नाही लावणार."

कणसाचे केस नीट काढत होती एकेक. "भीती वाटली का?"

"नाही."

"थोडीसुद्धा?"

"नाही, ओपल."

तिने मान हलवली. "मला दर वेळी वाटते. अजून. दिव्याखाली गाडी आली की जीव मुठीत. नाही वाटली त्या दिवशी गाडी विकायची असं ठरवलंय मी."

कणसं उकडून खाल्ली. वेंडेलनेही खाल्ली. ओपल गेल्यावर त्याने सालं गोळा केली, न सांगता.

२७ जुलै, रविवार

बोलला.

मागच्या पायरीवर शेंगा मोडत होतो. घेवड्याच्या, यंदा फार आल्यात. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू शेवटची कधी हसलीस?"

"हसते की मी."

"तोंड करतेस हसल्यासारखं. मी अठ्ठावीस वर्षं बघतोय ते तोंड, लॉर्ना. मला फरक कळतो."

शेंगा मोडत राहिले.

"गाठ निघाली त्या दिवसापासून तू आत कुठेतरी जाऊन बसलीयस. मी दार वाजवतोय, तू 'आहे' म्हणतेस. फक्त 'आहे.' मला वाटलं, गाडीत बसली की येईल. रेडिओवर ओरडेल. एकशे ऐंशीला नाही आलीस. पंच्याऐंशीला नाही. म्हटलं नव्वदला येईल." त्याच्या हातात शेंग होती, तिचे फार बारीक तुकडे झाले. "मला नव्वद नको होते गं. काय करायचेत मला नव्वद. मला ती ओरडणारी बाई पाहिजे होती."

"मला वाटलं तुला नव्वद पाहिजेत," मी म्हटलं. "तुला बरं वाटावं म्हणून बसत होते मी."

"म्हणजे मी तुझ्यासाठी आणि तू माझ्यासाठी."

"हो."

"आणि मध्ये तुला मारायला निघालो होतो मी."

"तू नाही. मी सांगितलं नाही म्हणून."

तो रडला. ट्रकमध्ये गेला नाही, तिथेच रडला. इथे आपणही रडायचं असतं हे मला ठाऊक होतं. त्याच्या पाठीवर हात ठेवला. शेंगा संपल्या.

२ ऑगस्ट

वेंडेल म्हणतो तो स्वतः गाडीत बसणार.

हा माणूस लिफ्टमध्ये जात नाही. हॉस्पिटलात सहाव्या मजल्यावर माझी सलाईनची खोली, जिने चढून यायचा. तीस वर्षं दुसऱ्यांच्या मोटरी बांधल्या, स्वतः कधी पट्टा लावून बसला नाही. आत बसलं की गुदमरतं म्हणतो.

"कशाला?" विचारलं.

"मी तुला कुठे पाठवत होतो ते एकदा बघायचंय मला."

"बघण्यासारखं काही नाही तिथे."

"मग ते बघतो."

ओपलला फोन केला. नवीन माणूस शिकताना दोन परवानेवाल्यांनी बघून शेरा द्यायचा असतो. मर्ल म्हणाला, तुमचा बंद आहे, तुम्ही नाही, क्ले हॅमंडला विचारा. क्ले हो म्हणाला. ओपल फोनवर बराच वेळ खोकल्यासारखी हसली. "त्याच्या पोटासाठी पट्टे वाढवून घ्या आधी."

९ ऑगस्ट

नाक सरळ केलं. वाळू अजून निघतेय कुठून कुठून. वेंडेलने मोटरीची ताकद बरीच उतरवली. चार आठवड्यांनी शेडमध्ये रेडिओ लागला.

२० ऑगस्ट, बुधवार

ट्रॅकवर सरावाचा दिवस. पहिल्यांदा नुसतं निघायचं आणि पाय काढायचा, मग अर्ध्यापर्यंत.

वेंडेलचं तोंड पिठासारखं. मोटर चालू व्हायच्या आधी दोनदा पट्टे सोडून बाहेर आला. क्ले मान वळवून टायरकडे बघत उभा राहिला, भला पोरगा. तिसऱ्यांदा आत गेला तेव्हा मी पट्टे आवळले. त्याचे हात घामाने चिंब.

ओपल पिंजऱ्यात डोकं घालून म्हणाली, "वेंडेल, श्वास घेत जा. नाहीतर आठ-नव्वद काय, तू दिव्यापर्यंतही पोचायचा नाहीस."

निघाला. थांबला. पुन्हा. चार छोट्या फेऱ्या झाल्या. शेवटचीला अर्ध्या रस्त्यापर्यंत सरळ गेला. उतरला तो लहान मुलासारखा बोलत होता, सगळं एकदम.

मी बघत होते. बरं केलंस म्हटलं. आत काही नाही. पाऊल तसंच, बाकीचंही तसंच. आता असंच राहील असं धरून चालायला हवं. वाईट नाही. माणसं जगतात अशी.

२७ ऑगस्ट, बुधवार

वेंडेल आज पूर्ण पाव मैल गेला.

दिवा हिरवा झाला, गाडी गेली, लहान होत होत चालली, आणि मी कठड्याला धरून उभी होते तशी खाली बसले. छत्री उघडेना. मी आत नव्हते, माझ्या हातात दांडी नव्हती, काहीच नव्हतं हातात. मग उघडली. ओपल वाकून विचारत होती, पायाचं काही झालं का. नाही म्हटलं. घरी येऊन दोन तास झाले, अजून अक्षर नीट येत नाही.

घाबरले. फार घाबरले मी.